‘निकुंभ सर’ आणि तळोज्याचा पालक : चित्रपटांतील मदतकर्त्याची प्रतिमा व अवधान-न्यूनतेच्या विकारावरील योग्य मदतीचा शोध

सारांश

अवधान-न्यूनता व अतिचंचलतेचा विकार, म्हणजेच एडीएचडी, असलेल्या मुलाला किंवा तरुणाला योग्य व्यावसायिक मदत कोठे व कशी मिळते, हा प्रश्न वैद्यकीय जितका आहे तितकाच सांस्कृतिकही आहे. मदत करणारा कसा असतो याविषयीची समाजाची कल्पना बऱ्याच अंशी लोकप्रिय कथनांतून घडते. ‘तारे जमीन पर’ (२००७), ‘डियर जिंदगी’ (२०१६), ‘देवराई’ (२००४) आणि ‘कासव’ (२०१७) या चार चित्रपटांतील मदतकर्त्याच्या प्रतिमेची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली असून, ती प्रतिमा पनवेल तालुक्यातील तळोजा येथील वास्तवाशी ताडून पाहिली आहे. एकाच व्यक्तीत सर्व व्यवसाय एकवटणारी प्रतिमा भावनिकदृष्ट्या प्रभावी असली तरी मदत शोधणाऱ्यास ती चुकीच्या दिशेने नेऊ शकते, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : एडीएचडी, अध्ययन अक्षमता, मदतकर्त्याची प्रतिमा, चित्रपट-समीक्षा, तळोजा, अध्यापकाची भूमिका.

प्रास्ताविक

चित्रपटातील डॉक्टर, वकील किंवा शिक्षक ही पात्रे प्रेक्षकांच्या मनात त्या त्या व्यवसायाविषयीच्या अपेक्षा निर्माण करतात. ज्या व्यवसायाशी सामान्य माणसाचा रोजचा संबंध येतो, त्याविषयीच्या अपेक्षा अनुभवाने तपासल्या जातात. हाडवैद्य कसा असतो हे गावाला ठाऊक असते. त्याच्याविषयी चित्रपटाने काही वेगळे दाखविले तर प्रेक्षक हसून सोडून देतो. परंतु मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, व्यवसायोपचारतज्ज्ञ या व्यक्ती बहुसंख्य मराठी कुटुंबांनी प्रत्यक्ष पाहिलेल्याच नसतात. तेथे चित्रपटातील प्रतिमा हाच पहिला अनुभव ठरतो. म्हणून या प्रतिमेची चिकित्सा हा निव्वळ कलास्वादाचा विषय राहत नाही.

येथे विचारात घेतलेल्या चारही चित्रपटांचा विषय एडीएचडी नाही. ‘तारे जमीन पर’ हा अध्ययन अक्षमतेच्या एका प्रकारावर, डिस्लेक्सियावर, बेतलेला आहे. ‘देवराई’ स्किझोफ्रेनियावर, ‘कासव’ नैराश्यावर आणि ‘डियर जिंदगी’ एका तरुणीच्या भावनिक अस्वस्थतेवर. तरीही त्यांची निवड सार्थ ठरते, याची दोन कारणे आहेत. एक, डिस्लेक्सिया व एडीएचडी या दोन्ही अवस्था एकाच मुलात आढळण्याचे प्रमाण लक्षणीय असते आणि शाळेच्या बोलीत त्या दोहोंची सरमिसळ होते. दोन, आपल्याकडील शिक्षक व पालक यांना ‘मूल आळशी नाही, त्याला मदत हवी आहे’ ही भाषा प्रामुख्याने ‘तारे जमीन पर’नेच दिली. त्यामुळे एडीएचडीसाठी मदत शोधणारा पालकही नकळत त्याच चित्रपटाचा नकाशा हाती घेऊन निघतो.

निकुंभ : पाच व्यवसायांचा एक माणूस

आमीर खान दिग्दर्शित आणि अमोल गुप्ते लिखित ‘तारे जमीन पर’ २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झाला. ईशान अवस्थी हा तिसरीत दुसऱ्यांदा बसलेला मुलगा, त्याला निवासी शाळेत पाठविण्याचा वडिलांचा निर्णय आणि तेथे हंगामी कलाशिक्षक म्हणून आलेल्या राम शंकर निकुंभ याने त्याला बाहेर काढणे, असा त्याचा कथापट आहे.

या चित्रपटाचे श्रेय प्रथम नि:संदिग्धपणे मान्य केले पाहिजे. मुलाच्या चुका हा पुरावा आहे, गुन्हा नव्हे, ही दृष्टी त्याने रुजविली. निकुंभ ईशानच्या वह्या पाहतो आणि चुकांतील सातत्य ओळखतो. त्याच्या मुंबईतील घरी जाऊन तो वडिलांच्या हाती परकीय लिपीतील मजकूर असलेला खोका देतो आणि तो वाचण्यास सांगतो. वाचता न येणे म्हणजे काय, याचा अनुभव वडिलांना काही क्षणांत येतो. व्याख्यानाने जे साधले नसते ते येथे एका वस्तूने साधते. चित्रपटातील हा सर्वाधिक अर्थपूर्ण प्रसंग मानावा लागतो, कारण त्यात मदतीचा आरंभ मुलापासून न होता पालकाच्या समजुतीपासून होतो.

परंतु मदतकर्त्याची जी प्रतिमा येथे घडते ती बारकाईने पाहता काही प्रश्न उभे राहतात. निकुंभ हा कलाशिक्षक आहे. तोच निदान करतो. तोच विशेष शिक्षक होऊन वाळूत, मातीत, पायऱ्यांवर अक्षरे व अंक शिकवितो. तोच कुटुंबाचे समुपदेशन करतो. आणि मुख्याध्यापकांपुढे मुलाची बाजू मांडणारा वकीलही तोच. प्रत्यक्षात ही पाच निरनिराळी कामे आहेत. त्यांसाठी निरनिराळे प्रशिक्षण लागते आणि बहुधा निरनिराळी माणसे लागतात. पटकथेच्या सोयीसाठी ती एका पात्रात एकवटली आहेत, हे समजण्यासारखे आहे. मात्र त्यामुळे कथेच्या तर्कात एक पोकळी राहते. संपूर्ण कथेत ईशानची कोणत्याही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून औपचारिक तपासणी होत नाही. दृष्टी व श्रवण यांत दोष नाही ना, बौद्धिक क्षमता किती, वाचन-लेखनातील मागासलेपण नेमके कोणत्या प्रकारचे, सोबत अवधानाचा विकार आहे काय, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. निकुंभचे निदान बरोबर ठरते, कारण लेखकाने ते बरोबर ठरविले आहे.

निदानाचा आधार काय, याचे चित्रपटाने दिलेले उत्तर आणखी सूचक आहे. निकुंभ स्वतः बालपणी याच अडचणीतून गेलेला असतो. म्हणजे ज्ञानाचे प्रामाण्य प्रशिक्षणातून न येता सहवेदनेतून येते. ही कल्पना आपल्या परंपरेत खोल रुजलेली आहे. ज्याने दुःख भोगले त्यालाच दुसऱ्याचे दुःख कळते, असे आपण मानतो. त्यात तथ्यही आहे. परंतु सहवेदना आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतः भोगलेला माणूस प्रत्येक ठिकाणी आपलेच दुःख पाहण्याचा धोका असतो, आणि त्या धोक्याला आळा घालण्यासाठीच व्यवसायाचे नियम असतात.

तिसरा मुद्दा काळाचा. ईशानची प्रगती एका गीताच्या अवधीत घडते. वाळूतील अक्षरांपासून अस्खलित वाचनापर्यंतचा प्रवास काही दृश्यांत उरकतो. प्रत्यक्षात अशा उपाययोजनांना महिने आणि वर्षे लागतात; त्यात खंड पडतो, कंटाळा येतो, पैसा संपतो. चौथा मुद्दा भरपाईचा. ईशान उत्कृष्ट चित्रकार आहे, आणि कथेचा शेवट चित्रस्पर्धेतील विजयाने होतो. निकुंभ वर्गात आइन्स्टाइन, लिओनार्डो दा विंची, एडिसन यांची नावे घेतो. यातून मूल्याचा एक अबोल करार सूचित होतो : अक्षमता क्षम्य आहे, कारण तिच्या पाठीशी प्रतिभा आहे. ज्या मुलाकडे अशी कोणतीच लपलेली प्रतिभा नाही, त्याचे काय? त्याला मदतीचा हक्क कमी आहे काय? चित्रपट हा प्रश्न टाळतो.

‘चित्रपट म्हणजे मार्गदर्शिका नव्हे’ असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो योग्यही आहे. कलाकृतीवर माहितीपत्रकाचा निकष लावणे अन्यायाचे होय. तथापि हा चित्रपट ज्या प्रकारे स्वीकारला गेला तो पाहता, अनेक शाळा-महाविद्यालयांतून त्याचा उपयोग मार्गदर्शिकेसारखाच झाला. तेव्हा कृतीची नव्हे, तर तिच्या या उपयोगाची चिकित्सा आवश्यक ठरते.

निवड, मर्यादा आणि आश्रय : तीन अन्य प्रतिमा

गौरी शिंदे दिग्दर्शित ‘डियर जिंदगी’मधील डॉ. जहांगीर खान हा निकुंभपेक्षा एका बाबतीत मूलतः वेगळा आहे. तो व्यावसायिक आहे. त्याची भेटीची वेळ ठरलेली असते, भेट ठरावीक अवधीची असते आणि उपचार संपल्यावर नाते पुढे नेण्यास तो नकार देतो. कायराला ते दुखावणारे वाटते, पण मर्यादा पाळणे हेही काळजीचेच एक रूप आहे, हे आपल्या लोकप्रिय चित्रपटात इतक्या स्पष्टपणे क्वचितच आले असेल. मात्र निवडीच्या प्रश्नावर हा चित्रपटही मौन पाळतो. माणूस खुर्ची घेतानासुद्धा अनेक खुर्च्यांवर बसून पाहतो, हा दृष्टान्त डॉ. खान नातेसंबंधांच्या संदर्भात देतो. तोच दृष्टान्त उपचारकाच्या निवडीला अधिक लागू पडला असता. पण कायराला तिचा उपचारक गोव्यातील एका हॉटेलात, परिषदेतील त्याचे बोलणे योगायोगाने कानी पडल्याने सापडतो. पहिलाच उपचारक योग्य निघतो. निकुंभ शाळेत योगायोगाने येतो आणि खान योगायोगाने ऐकू येतो. दोन्ही कथांत शोध नाही, भेट आहे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या मराठी चित्रपटांत ही बाब वेगळ्या रीतीने हाताळली गेली आहे. ‘देवराई’तील शेष याच्या आजाराचा भार मुख्यतः बहिणीवर येतो. उपचार, औषध, कुटुंबाची ओढाताण आणि पुन्हा जगण्यात परतण्याची संथ प्रक्रिया यांना तेथे स्थान आहे. मदत ही एका व्यक्तीची कृपा नसून अनेकांनी वाटून घेतलेले काम आहे, ही जाणीव या कथनात दिसते. ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळविणाऱ्या ‘कासव’मध्ये जानकी ही स्वतः नैराश्यातून गेलेली स्त्री कोकणच्या किनाऱ्यावर एका उद्ध्वस्त तरुणाला आश्रय देते. कासवाच्या अंड्यांना राखण करायची, पण पिलाने समुद्राकडे आपल्या पायांनीच जायचे, हे तेथील रूपक आहे. सहवेदना येथेही आहे. परंतु ती निदानाचा दावा करीत नाही. ती जागा देते आणि वाट पाहते. निकुंभ आणि जानकी यांतील हा भेद महत्त्वाचा आहे. आश्रय देणारा आणि उपचार करणारा या दोन भूमिका ‘कासव’ एकमेकींत मिसळू देत नाही.

विकाराचे स्वरूप आणि प्रतिमेची अपुरी मापे

एडीएचडीच्या बाबतीत निकुंभ-प्रतिमा अधिकच अपुरी का पडते, हे विकाराच्या स्वरूपावरून स्पष्ट होते. लक्ष टिकवू न शकणाऱ्या, आवेगी मुलांचे वैद्यकीय वर्णन जॉर्ज स्टिल या इंग्लिश बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये आपल्या व्याख्यानांत केले. अमेरिकन मनोविकारशास्त्र संघटनेच्या वर्गीकरणात १९६८ मध्ये ही अवस्था बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया म्हणून आली. १९८० मध्ये भर अतिचंचलतेवरून अवधानावर गेला आणि १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने लक्षणांच्या प्रारंभाची वयोमर्यादा ७ वरून १२ वर्षांपर्यंत वाढविली आणि १७ वर्षांवरील व्यक्तींसाठी आवश्यक लक्षणांची संख्या ६ वरून ५ केली. म्हणजे हा विकार केवळ बालवर्गाचा नसून महाविद्यालयाच्या वर्गातही असू शकतो, हे त्यातून अधिकृतपणे मान्य झाले.

या निदानासाठी रक्ताची किंवा मेंदूच्या चित्रणाची कोणतीही निर्णायक चाचणी नाही. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत, ती एकाहून अधिक ठिकाणी, उदाहरणार्थ घरी व शाळेत, दिसावीत, त्यांमुळे जगण्यात खरी अडचण यावी आणि ती दुसऱ्या कारणाने अधिक चांगली स्पष्ट होत नसावीत, अशा अटी आहेत. अपुरी झोप, ऐकण्यातील दोष, चिंता, नैराश्य, थायरॉइडचा विकार, घरातील कलह, अध्ययन अक्षमता यांपैकी कशानेही लक्ष विचलित होऊ शकते. म्हणून निदान करणाऱ्याला पालकाचे म्हणणे, शिक्षकाचे म्हणणे, जुनी प्रगतिपुस्तके आणि मुलाची प्रत्यक्ष भेट हे सर्व एकत्र ठेवून पाहावे लागते. डिस्लेक्सियात वहीतील चूक दिसते. अवधानाचा विकार वहीत दिसत नाही, तो दिवसभराच्या वागण्यात पसरलेला असतो. केवळ वह्या चाळून तो ओळखणे शक्य नाही.

शिवाय हा विकार प्रेक्षकाला सहज आवडेल असा नाही. मूल मध्येच बोलते, वस्तू हरवते, वाट पाहू शकत नाही, दिलेले काम अर्धे सोडते. त्याच्याविषयी सहानुभूती वाटण्याऐवजी राग येतो. मुलींच्या बाबतीत तर पुष्कळदा अतिचंचलता दिसतच नाही. मागच्या बाकावर शांत बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या चित्रपटांतील उद्धार करावयाचे मूल बहुधा मुलगाच असते, ही बाबही येथे नोंदविण्यासारखी आहे.

तळोजा : नकाशा आणि अंतर

या प्रतिमा घेऊन तळोज्यातील पालक मदतीच्या शोधात निघतो तेव्हा त्याच्यापुढे काय असते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. तळोजा हे एकजिनसी गाव नाही. तळोजे पाचनंदची जुनी वस्ती, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, मध्यवर्ती कारागृह आणि सिडकोने उभारलेली टप्पा एक व दोनची उंच संकुले एकमेकांना लागून आहेत. मूळचा आगरी समाज, घाटावरून व कोकणातून आलेले कामगार, उत्तरेकडील कुटुंबे असा येथील समाज आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाली. घरे आधी आली, मेट्रो नंतर आली. मुलांच्या मानसिक आरोग्याच्या सेवा या क्रमात त्याहूनही मागे आहेत.

कागदावर पाहता वाटा नाहीत असे नाही. शेजारच्या खारघर येथे राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था आहे. मुंबईत लोकमान्य टिळक व के. ई. एम. ही महापालिकेची रुग्णालये आणि २००१ मध्ये सुरू झालेले ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-सूचीत अध्ययन विकाराबरोबर एडीएचडीचाही समावेश आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

परंतु कागदावरील वाट आणि चालण्याची वाट यांत अंतर असते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शालेय तपासणी शासकीय व अनुदानित शाळांसाठी आहे. सिडकोच्या संकुलातील जे मूल विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जाते ते या जाळ्याबाहेर राहते. जिल्हास्तरीय केंद्राची कल्पना जिल्हा रुग्णालयाशी जोडलेली आहे आणि रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. तळोज्याच्या माणसाला अलिबाग प्रशासकीयदृष्ट्या जवळचे, पण रोजच्या प्रवासाच्या दृष्टीने मुंबई-ठाण्याहून दूरचे. पाळीवर काम करणाऱ्या कामगाराला एका तपासणीसाठी तीन-चार वेळा पेंधरहून बेलापूर, तेथून हार्बर मार्गाने कुर्ला आणि पुढे शीव गाठायचे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी गमवावी लागते. मदत सोडून देण्याचे कारण पुष्कळदा अज्ञान नसते; ते हे असते.

दुसरी अडचण नावांची. पाटीवर ‘समुपदेशक’ असे लिहिलेली व्यक्ती कोणत्या प्रशिक्षणाची आहे हे पालकाला कळत नाही. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी व त्यावरील पदव्युत्तर प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असतो; औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या व मानसोपचार करतो, औषध देत नाही, आणि त्याची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. विशेष शिक्षकासाठीही त्याच परिषदेची नोंदणी आहे. अन्य समुपदेशकांसाठी मात्र दीर्घकाळ अशी एकसंध व्यवस्था नव्हती. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकविषयक कायद्याने त्या दिशेने पाऊल टाकले. तेव्हा नोंदणी कोणती, एडीएचडीच्या मुलांबरोबर किती काळ काम केले, निदानासाठी शाळेकडून काय मागविणार, पुन्हा कधी पाहणार, हे चार प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. निकुंभला किंवा डॉ. खानला असे प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून ते विचारता येतात हेच पालकाला सुचत नाही.

तिसरी अडचण औषधाची. मेथिलफेनिडेट हे या विकारावरील प्रमुख औषध आपल्याकडे औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टात येते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षे जपून ठेवावयाची असते आणि विक्रीसाठी स्वतंत्र परवाना लागतो. म्हणून ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. तीन दुकाने नकार देतात तेव्हा ‘हे काहीतरी भयंकर औषध आहे’ असा समज घरात पक्का होतो. वस्तुतः १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ५७९ मुलांच्या १४ महिन्यांच्या अभ्यासात काटेकोर देखरेखीखालील औषधोपचार मूळ लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक परिणामकारक आढळला होता; अगदी लहान मुलांत मात्र पालक-प्रशिक्षणापासून आरंभ करण्याचा संकेत आहे. औषध द्यावे की न द्यावे हा निर्णय तज्ज्ञाचा व कुटुंबाचा. पण तो भीतीवर आधारलेला नसावा. या बाबतीत आपले लोकप्रिय चित्रपट फारसे साहाय्य करीत नाहीत. ‘देवराई’चा अपवाद वगळता येथे चर्चिलेल्या कथांत बरे होणे हे मुख्यतः संवादाने व स्नेहाने घडते, गोळी कथेच्या मध्यभागी येत नाही.

चौथी अडचण प्रमाणपत्राची. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या होत्या. १९९५ च्या केंद्रीय कायद्यात अध्ययन अक्षमतेला स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश केला. मात्र या २१ प्रकारांत एडीएचडीची स्वतंत्र नोंद नाही. परिणामी ज्या विद्यार्थ्याला केवळ अवधानाचा विकार आहे त्याची अडचण खरी असूनही तिच्यासाठी कागदावर सरळ रकाना नाही. अशा वेळी ‘डिस्लेक्सियाचे तरी प्रमाणपत्र मिळवा’ हा सल्ला दिला जाण्याचा धोका असतो. तो सल्ला विद्यार्थ्याला सवलत देईल, पण त्याच्या खऱ्या विकारावरील उपचार दूर ढकलील.

अध्यापकाची भूमिका : उद्धारकर्ता की साक्षीदार?

या विवेचनातून महाविद्यालयीन अध्यापकापुरता कोणता निष्कर्ष निघतो? निकुंभ-प्रतिमेचे आकर्षण अध्यापकाला विशेष असते, कारण ती त्याच्याच व्यवसायाचा गौरव करते. एखाद्या अस्वस्थ विद्यार्थ्याकडे पाहून ‘याला एडीएचडी आहे’ असे म्हणणे हे त्या गौरवाचे सर्वांत सोपे रूप होय. परंतु अध्यापकाने लावलेले नाव विद्यार्थ्याला चिकटते आणि ते चुकीचे असेल तर खरा विकार, उदाहरणार्थ नैराश्य, दुर्लक्षित राहतो. उलट अध्यापकाने काहीच न बोलणे हेही तितकेच हानिकारक आहे. पहिल्या वर्षानंतर गळणारा, प्रकल्प कधीच वेळेवर न देणारा, तोंडी उत्तरांत चमकणारा पण उत्तरपत्रिका अर्धी सोडणारा विद्यार्थी बेशिस्तीच्या रकान्यात जातो. त्याच्या पदवीबरोबर त्याची स्वतःविषयीची समजूतही पणाला लागलेली असते. वयाच्या अठराव्या वर्षी ‘मी नालायक आहे’ हा निष्कर्ष काढलेला तरुण पुढे मदत मागण्याची शक्यताही कमी असते.

निदानाच्या अटींमध्येच अध्यापकाची खरी जागा दडलेली आहे. लक्षणे एकाहून अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत, ही अट पूर्ण होण्यासाठी तज्ज्ञाला वर्गातील साक्ष हवी असते आणि ती फक्त अध्यापकच देऊ शकतो. कोणत्या तासाला, कोणत्या प्रकारच्या कामात, किती काळाने विद्यार्थ्याचे लक्ष सुटते. सूचना लेखी दिल्यास फरक पडतो काय. या गोष्टी तारखेनिशी नोंदविलेले अर्धे पान तज्ज्ञाला ‘मुलगा हुशार आहे पण लक्ष देत नाही’ या शेऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते. या नोंदीत रोगाचे नाव असण्याची आवश्यकता नाही. किंबहुना ते नसावेच. निकुंभने वह्या वाचल्या हे अनुकरणीय आहे; वह्या वाचून निकाल दिला हे अनुकरणीय नाही.

महाविद्यालय म्हणून करता येण्याजोग्या गोष्टीही फार खर्चिक नाहीत. परिसरातील सेवांची, त्यांच्या वेळांची व नोंदणीची पडताळलेली यादी ठेवणे, ती दरवर्षी तपासणे, मोठ्या प्रकल्पाचे टप्पे पाडून मुदती देणे, सूचना फळ्यावर लिहून ठेवणे, विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीखेरीज शिक्षककक्षात न चर्चिणे, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. यांतील वर्गातल्या सोयींसाठी प्रमाणपत्राची गरज नाही आणि त्यांचा लाभ केवळ निदान झालेल्यांनाच होतो असेही नाही.

समारोप

‘तारे जमीन पर’ने मराठी-हिंदी प्रेक्षकाला अडलेल्या मुलाकडे पाहण्याची नवी नजर दिली, हे त्याचे कार्य मोठे आहे. परंतु त्या नजरेबरोबर मदतीची जी रीत त्याने सुचविली, ती एका असामान्य माणसाच्या योगायोगाने होणाऱ्या आगमनावर अवलंबून आहे. ‘डियर जिंदगी’ने व्यावसायिक मर्यादेचे मूल्य दाखविले, पण शोध दाखविला नाही. ‘देवराई’ व ‘कासव’ यांनी मदतीचे वाटलेले, संथ आणि नम्र रूप दाखविले. त्यांचा प्रेक्षकवर्ग मात्र तुलनेने लहान राहिला.

तळोज्यातील पालकाला निकुंभ सरांची वाट पाहावयास सांगणे म्हणजे त्याला थांबावयास सांगणे होय, आणि मुलाचे वय थांबत नाही. त्याच्या हाती हवी आहे ती साधी माहिती : कोण कोणते काम करतो, त्याची नोंदणी कोठे आहे, पहिला तज्ज्ञ न पटल्यास दुसऱ्याकडे जाता येते, आणि एकाच माणसाकडून सर्व मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. या मदतीची कथा पडद्यावर आणताना एखाद्या पटकथेने तपासणीच्या रांगेला, तिसऱ्या दुकानातील नकाराला आणि वर्गशिक्षिकेच्या अर्ध्या पानाच्या नोंदीलाही स्थान दिले, तर ती कथा कदाचित कमी रोमहर्षक होईल. पण ती पाहून घरी परतलेल्या पालकाला दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जायचे ते कळेल.